वाचकांचे प्रश्न : करवतीखालची घोडी

गेल्या दोन महिन्यांत सुतारकामाविषयी जी पत्रे आली, त्यांतली पाच एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली. लाकूड हाताने कापताना ते कशावर ठेवायचे, हा तो प्रश्न. करवतीच्या दात्यांविषयी आणि धारेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तिच्याखालच्या घोडीविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही. म्हणून या वेळची सगळी जागा या पाच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : आठ फुटी वासा दोन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर ठेवून मधोमध कापायला घेतला. निम्मा कापून झाल्यावर करवत अशी आवळली गेली, की पुढेही जाईना आणि मागेही येईना. नवी करवत आणली, तरी तेच झाले. दोष करवतीचा की माझ्या हाताचा? (चिपळूण)

उत्तर : दोष दोहोंचा नाही, स्टुले जिथे ठेवली होती त्या जागेचा आहे. वासा दोन्ही टोकांना टेकवला, की तो स्वतःच्या वजनाने मध्ये किंचित वाकतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण वरच्या अंगाचे तंतू दाबले जातात आणि खालच्या अंगाचे ताणले जातात. तुम्ही वरून जसजसे कापत जाता, तसतसे उरलेले लाकूड पातळ होते आणि वाक वाढत जातो, त्यामुळे करवतीने पाडलेली चीर वरून मिटू लागते आणि पाते दोन्ही बाजूंनी पकडले जाते. अशा वेळी नेटाने ओढले तर पाते वाकते, आणि एकदा वाकलेले पाते पुन्हा सरळ चालणे कठीण असते.

हेच लाकूड तुकडा आधाराच्या बाहेर येईल असे ठेवले, म्हणजे दोन्ही घोड्या एका बाजूला घेतल्या आणि कापायची रेघ त्यांच्या पलीकडे चार बोटे ठेवली, तर सगळे उलट होते. बाहेर लोंबणारे टोक खाली झुकू पाहते, चीर वरून उघडते आणि करवत मोकळी चालते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. शेवटचा अर्धा इंच उरला, की लोंबणारा तुकडा वजनाने मोडून पडतो आणि जाताना खालच्या अंगाची लांब चिरफळी सोलून नेतो. म्हणून शेवटच्या दहा-बारा फेऱ्यांना डाव्या हाताने तुकडा खालून नुसता पेलून धरावा. वर उचलू नये, उचलला तर चीर पुन्हा मिटते. तुकडा जड असेल, तर आधी खालच्या बाजूने पाव इंच चीर पाडून ठेवावी आणि मग वरून कापावे.

प्लॅस्टिकचे स्टूल या कामाला घेऊच नये. करवतीच्या प्रत्येक ओढीबरोबर ते दबते आणि सरकते, त्यामुळे तुमचे निम्मे बळ स्टूल हलवण्यातच जाते.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडचा जुना सुतार लहान कामाला घोडी घेतच नसे. तो जमिनीवर बसे, लाकूड एका ओंडक्यावर टेकवी आणि पायाने दाबून, अंगठ्यात धरून कापी. त्याची हातकरवतही बहुधा ओढताना कापणारी असे. ढकलताना लाकूड पुढे पळते, ओढताना ते आपल्याकडेच, म्हणजे पायावर येऊन घट्ट बसते. त्याची बैठक, पाय आणि दात्यांची दिशा एकमेकांना धरूनच ठरलेली होती. आज बाजारात मिळणारी बहुतेक हातकरवत ढकलताना कापते, आणि म्हणून तिला गुडघ्याखाली लाकूड दाबता येईल अशी घोडी हवी असते. तिची उंची स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपर्यंत मोजावी. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ती 18 ते 20 इंच भरते. पाय चारही अंगांनी बाहेर झुकलेले असावेत, दर सहा इंच उंचीला एक इंच या प्रमाणात. याहून सरळ पाय ठेवले, तर घोडी जोराच्या ओढीला कलंडते. याहून फार पसरले, तर ते पायात येतात.

प्रश्न : माझ्या लहानपणी आमच्या आगरात दोन माणसे येत आणि मोठा ओंडका उंचावर तिरपा उभा करून त्याच्या फळ्या पाडत. एक वर चढे, एक खाली उभा राही. दोन माणसांनी एवढा ओंडका वर कसा चढवला असेल? आणि परदेशी चित्रांत दिसतो तसा खड्डा खणून ते का कापत नसत? (कुडाळ)

उत्तर : तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, आणि ते ‘तिरपा’ या शब्दात आहे. ओंडका सगळा उचलावा लागत नसे, एकच टोक उचलायचे असे. हिशेब करून पाहा. वाळलेले सागवान घनमीटरला साधारण 650 किलो भरते. 40 सेंटिमीटर व्यासाचा आणि 3 मीटर लांबीचा ओंडका म्हणजे 0.38 घनमीटरच्या आसपास, म्हणजे 245 किलोच्या घरात. ओला असेल तर त्याहून पुष्कळ जड. पण एक टोक जमिनीवर राहू दिले, तर दुसऱ्या टोकाला जवळपास निम्मेच वजन हातावर येते. तेही पहारीने वीतभर उचलायचे, खाली दगड किंवा ठोकळा सारायचा, पुन्हा वीतभर उचलायचे, असे करत वर न्यायचे. घाई केली नाही, तर दोन माणसांना हे जमते. शेजारचा एखादा हात लावायला आला, तर फारच सोपे होते.

वरच्या टोकाखाली जी घोडी असे, ती म्हणजे दोन जाड वाशांची कैची. वासे फुलीसारखे एकमेकांवर टाकून जिथे छेदतात तिथे दोराने आवळायचे, पायांची टोके जमिनीत थोडी रुतवायची आणि वरच्या खोबणीत ओंडका बसवायचा. ओंडक्याचे वजनच त्या खोबणीत त्याला घट्ट धरते. जमिनीवरचे टोक मागे सरकू नये म्हणून त्यामागे खुंट ठोकत आणि दोन्ही अंगांना पाचरी मारत.

ओंडका बसल्यावर लगेच करवत लावत नसत, आधी आखणी. दोन्ही तोंडांवर ओळंबा सोडून उभ्या रेघा मारायच्या, मग काव किंवा काजळी लावलेले सूत त्या रेघांना जुळवून ओंडक्याच्या वरच्या आणि खालच्या अंगावर टाणकन सोडायचे. रेघ वरही हवी आणि खालीही हवी, कारण वरचा माणूस वरच्या रेघेवर डोळा ठेवतो आणि खालचा खालच्या. आखणी झाल्यावर ओंडका अंगाने जरासुद्धा फिरला, तरी वरची रेघ आणि खालची रेघ एका ओळंब्यात राहत नाहीत, आणि मग फळी पंख्याच्या पात्यासारखी पिळलेली निघते. पाचरी एवढ्या काळजीने मारत त्या यासाठी. ओंडका पडू नये एवढ्याने भागत नसे, तो फिरताही कामा नये.

करवत खाली येताना कापते. खालचा माणूस ओढतो, वरचा तिला पुन्हा उचलतो आणि रेघेवर ठेवतो. अंगमेहनत दोघांचीही जवळपास सारखीच, पण भुसा सगळा खालच्याच्या तोंडावर. तो डोक्याला फडके असे गुंडाळी की त्याची कड भुवयांवर यायची, आणि वर बघताना डोळे किलकिले ठेवी. आमच्या अंगणात फणसाचे लाकूड कापले, त्या दिवशी संध्याकाळी खालच्या माणसाने न्हाणीवर तोंड धुतले, तेव्हा पाणी हळदीसारखे पिवळे वाहिल्याचे मला अजून आठवते. फणसाच्या गाभ्याचा तो रंग. करवतीशेजारी खोबरेलात भिजवलेली चिंधी ठेवलेली असे आणि थोड्या थोड्या वेळाने ती पात्यावरून फिरवली जाई. चीर हातभर झाली, की तिच्या तोंडात लाकडी पाचर अडकवीत, म्हणजे ती मिटू नये. चिपळूणच्या वाचकांना वर जे सांगितले, तेच इथेही खरे आहे.

कापत कापत करवत घोडीजवळ आली, की थांबायचे. आखलेल्या सगळ्या रेघा तिथपर्यंत कापून घ्यायच्या, मग ओंडका उतरवून उलटा फिरवायचा आणि दुसऱ्या टोकाकडून कापत यायचे. दोन्ही चिरा मध्ये कुठेतरी भेटतात. पण करवत दोन्ही वेळा थोडी तिरपी चाललेली असते, म्हणून भेटीच्या जागी एक लहानसा तिकोनी भाग न कापलेला राहतो. फळ्या सोडवताना तो पाचरीने फुटतो. तुमचे जुने घर शाबूत असेल, तर माळ्याच्या फळ्या खालून विजेरीने पाहा. एखाद्या फळीवर करवतीचे ओरखडे एका बाजूला एका दिशेने तिरपे आणि दुसऱ्या बाजूला उलट दिशेने तिरपे दिसतील, आणि मध्ये कुठेतरी ओरखडे नसलेला, फुटल्यासारखा तिकोन दिसेल. ती फळी घोडीवर कापलेली आहे. गिरणीतल्या गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे वाकडे असतात, ते लगेच ओळखू येतात.

आता खड्ड्याविषयी. इंग्लंडात जहाजबांधणीच्या आवारांत आणि लाकडाच्या वखारींत माणूसभर खोल खड्डे असत. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एक जण वर आणि एक जण खड्ड्यात. तिथे ओंडका वर चढवावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण खड्डा जागचा हलत नाही, लाकूड त्याच्याकडे आणावे लागते. जिथे वर्षानुवर्षे लाकूड येत राहते, तिथेच तो परवडतो. तुमच्या आगरात एक झाड पडले होते, आणि त्याच्यासाठी चार दिवसांकरिता कापणारे आले होते. कोकणात जांभ्यात माणूसभर खणणे म्हणजे वेगळेच काम, आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात असा खड्डा चार महिने पाण्याने भरलेला राहील. घोडी मात्र जागेवर मिळालेल्या वाशांची होते आणि काम संपल्यावर तेच वासे गोठ्याला लागतात. माझ्या मते खड्डा न खणण्याचे कारण एवढे साधे आहे.

आपल्या घरी हे पुन्हा करून पाहण्याची इच्छा तुम्ही पत्रात व्यक्त केली आहे, म्हणून एक अनुभव सांगतो. तरुणपणी आम्ही तिघांनी आंब्याचा एक ओंडका असाच कैचीवर चढवला. आदल्या संध्याकाळी वळवाचा शिडकावा झाला होता आणि कैचीचा तागाचा दोर ओला असतानाच आम्ही तो करकचून आवळला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन लागून दोर वाळला आणि सैल पडला. तागाचा पिळाचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की लांबतो, हे तेव्हा आम्हांला माहीत नव्हते. कैचीचे पाय सरकले, ओंडका एका अंगाने खाली आला. वर कोणी नव्हते, म्हणून निभावले. जेवायला गेलो होतो. तेव्हापासून मी छेदाच्या जागी दोन्ही वाशांना अर्ध्या जाडीची खाच घेतल्याशिवाय आणि आरपार लोखंडी बोल्ट घातल्याशिवाय कैची उभी करत नाही, आणि खाली दोन्ही पायांना जोडणारी आडवी पट्टी ठोकतो. तुम्हीही एवढे केल्याशिवाय ओंडक्यावर पाय ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : द्राक्षबागेची छाटणी झाली, की जुनी खोडे आणि बांधावरच्या बाभळीच्या फांद्या जळणासाठी कापाव्या लागतात. गोल लाकूड सपाट घोडीवर लोळते. उपाय सांगावा, मापेही द्यावीत. (नाशिक जिल्हा)

उत्तर : गोल लाकडाला सपाट घोडी चालत नाही, फुलीची लागते. फुलीच्या खोबणीत लाकूड पाचरीसारखे बसते. दोन्ही हात उभ्या रेघेपासून 30-30 अंश झुकलेले असतील, तर लाकडाचा दोन्ही अंगांवर मिळून पडणारा दाब त्याच्या वजनाच्या दुप्पट होतो, म्हणून ते सहसा फिरत नाही. हात याहून जास्त पसरले तर पकड कमी होते. फारच जवळ आणले तर लाकूड खोबणीत अडकून बसते आणि प्रत्येक वेळी उपसून काढावे लागते.

मापे अशी घ्या. तीन फुटी चार तुकडे, दोन इंच रुंद आणि दोन इंच जाड. प्रत्येकाच्या खालच्या टोकापासून दोन फुटांवर खूण करा, तिथे अर्ध्या जाडीची खाच घ्या आणि दोन-दोन तुकडे फुलीसारखे बसवा. पाय जमिनीवर दोन फूट पसरले, की 30 अंशांचा झुकाव आपोआप साधतो आणि छेद जमिनीपासून पावणेदोन फुटांवर येतो. त्यात सहा इंच व्यासाची फांदी ठेवली, तर तिचा माथा अडीच फुटांच्या आसपास येतो, आणि तेवढ्या उंचीवर उभ्याने, कंबर फार न वाकवता धनुकरवत चालवता येते. अशा दोन फुल्या एकमेकींपासून दीड फुटावर ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्यांनी जोडा. प्रत्येक फुलीच्या दोन्ही पायांनाही जमिनीपासून वीतभर उंचीवर एकेक पट्टी हवीच, कारण लाकडाचे वजन वरचे हात फाकवते आणि त्याबरोबर पायही फाकतात.

कापायचे ते नेहमी फुलीच्या बाहेर. तुकडा जिथे पडेल तिथे घमेले ठेवा. शेवटी फूट-दीड फुटाचा बुडखा राहिला, की तो दोन फुल्यांवर पुरत नाही. त्यासाठी मी एका फुलीपासून फक्त आठ इंचांवर तिसरी फुली बसवतो. एवढ्या जवळच्या दोन आधारांमध्ये लाकूड फारसे वाकत नाही, त्यामुळे मधोमध कापले तरी करवत आवळत नाही. बाभळीचे काटे आधी कोयत्याने काढून टाका; खोबणीत काटा राहिला, की फांदी नीट बसत नाही आणि हात जातो तो वेगळाच.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. इथे या वस्तूला ‘बोकड’ म्हणतात, आपण ‘घोडी’ म्हणतो. हा योगायोग आहे का? शिवाय येथील एका प्रदर्शनात जपानी चित्रकार होकुसाई यांचे एक चित्र पाहिले, त्यात प्रचंड तुळई तिरपी उभी आहे आणि तिच्यावर एक माणूस एकटाच करवत चालवतो आहे. ते शक्य आहे का? (श्टुटगार्ट)

उत्तर : चार पाय, वर पाठ आणि पाठीवर ओझे, असे जे काही दिसते त्याला जनावराचे नाव देण्याची खोड पुष्कळ भाषांना आहे. जर्मनांचा बॉक म्हणजे बोकड. रशियन भाषेत या वस्तूला ‘कोझ्ली’ म्हणतात, तेही शेळ्या-बोकडांचेच नाव आहे. इंग्रजांनी आणि फ्रेंचांनी आपल्यासारखाच घोडा निवडला. आपली घोडी तर सुतारशाळेतून थेट गाण्याच्या बैठकीत जाते, कारण तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तारांना पेलून धरणारा तुकडाही घोडीच. अमेरिकेत फुलीच्या घोडीचे नाव दहा डॉलरच्या नोटेला पडले. जुन्या नोटेवर रोमन दहाचा आकडा असे, आणि तो आकडा म्हणजे फुलीच.

तुम्ही पाहिलेले चित्र फुजी पर्वताच्या मालिकेतले, तोतोमी प्रांतातल्या डोंगरांचे आहे. 1830 नंतरच्या एक-दोन वर्षांत ही मालिका निघू लागली. एकट्याने कापणे शक्य आहे, आणि चित्रकाराने ते बरोबर दाखवले आहे. जपानी करवत ओढताना कापते, आणि अशा कामाची करवत पात्याला फार रुंद असते. रुंद पाते चिरेत गेले, की ते स्वतःच सरळ राहते, दुसऱ्या टोकाला धरणाऱ्याची गरज उरत नाही. म्हणून त्या चित्रात वरचा माणूस स्वतःच्या करवतीने कापतो आणि खालचा स्वतःच्या. आपल्याकडच्या जोडीत मात्र एकच करवत दोघांच्या हातात असते. चित्र पुन्हा पाहायला मिळाले, तर दोन गोष्टी निरखा. एक, तुळईखालच्या आधारांच्या चौकटीतूनच पलीकडचा फुजी दिसतो. दुसरी, खाली बसलेला एक माणूस करवतीला धार लावतो आहे. दोघे कापत असताना तिसरा धारेला बसवणे, हे ज्याने हे काम जवळून पाहिले आहे त्यालाच सुचेल, आणि म्हणून मला त्या चित्राविषयी फार आदर वाटतो.

प्रश्न : घोडी कोणत्या लाकडाची करावी? खिळे चालतील का? (सातारा)

उत्तर : सागवान यात घालू नका, ते दाराखिडक्यांना राहू द्या. पायांना बाभूळ उत्तम, कारण ती ठोके सोसते. वरच्या पाठीला मात्र आंबा किंवा सिल्व्हर ओकसारखे मऊ, स्वस्त लाकूड घ्यावे, कारण करवत कधी ना कधी तिथे उतरणारच, आणि ती उतरली तर दाते जाऊ नयेत. याच कारणाने वरच्या तीन इंचांत खिळा, स्क्रू काहीही नको. पाठ पायांवर बसवायची ती खाच घेऊन आणि लाकडी खुंट्या मारून. दोन-चार वर्षांनी पाठ कापून कापून खाचखळग्यांची झाली, की खुंट्या ठोकून बाहेर काढाव्यात आणि नवी पाठ बसवावी. पाय तेच राहतात. पावसाळ्यात घोडी ओल्या फरशीवर उभी ठेवू नका, उलटी करून ठेवा. पायांची कापलेली टोके पाणी सर्वांत आधी पितात आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. टोकांना दोन वेळा गरम जवसाचे तेल चोपडून ठेवले, तर पुष्कळ टिकतात.